जुने रिमफायर रिव्हॉल्व्हर

रिमफायर रिव्हॉल्व्हर हे फिरत्या चक्रात काडतुसे भरून चालवायचे अग्निशस्त्र होय. त्याच्या काडतुसातील आघाताने पेट घेणारे मिश्रण बुडाभोवतीच्या पोकळ कडेत भरलेले असते. या कडेवरूनच हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः अमेरिकेत, अशी रिव्हॉल्व्हरे मोठ्या संख्येने तयार झाली. त्यांपैकी बहुतेकांची काडतुसे आज नियमितपणे बनत नाहीत. तरीही भारतात असे शस्त्र घरात ठेवणे हा कायद्याच्या दृष्टीने क्षुल्लक विषय नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा मुंबईच्या उपनगरांत आजोबा-पणजोबांकडून आलेल्या रिव्हॉल्व्हराचा प्रश्न साधारणपणे घराची आवराआवर किंवा वारसाहक्काची कागदपत्रे करताना पुढे येतो.

रचना

रिव्हॉल्व्हराचा घोडा मागे ओढला की चक्र एका घराने फिरते आणि नवे काडतूस नळीसमोर येते. चाप दाबताच घोडा सुटून काडतुसाच्या कडेवर आदळतो. कड चक्राच्या धातूवर चेपली जाते, आतील मिश्रण पेटते आणि दारू जळून गोळी बाहेर फेकली जाते. (मराठीत ‘घोडा’ हा बंदुकीचा एक भाग. मुंबईच्या बोलीत मात्र सबंध पिस्तुलालाच ‘घोडा’ म्हणू लागले. ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला आहे.)

या रचनेतच तिची मर्यादा आहे. घोड्याच्या आघाताने चेपावी म्हणून काडतुसाची कड पातळ ठेवावी लागते, आणि पातळ कड मोठा दाब सहन करू शकत नाही. म्हणून जाड व शक्तिशाली रिमफायर काडतुसे मागे पडली. मध्यभागी प्रज्वलक असलेल्या सेंटरफायर काडतुसांनी त्यांची जागा घेतली. ०.२२ इंच व्यासाचे लहान काडतूस मात्र टिकले, कारण त्याला मोठ्या दाबाची गरज नव्हती आणि ते स्वस्तात बनत होते. एकदा चेपलेली कड पुन्हा भरता येत नसल्याने रिमफायर काडतूस एकदाच वापरले जाते. कडेत मिश्रण सर्वत्र सारखे पसरले नसेल तर बार फुसका जातो. हा दोष या प्रकारात सेंटरफायरपेक्षा अधिक आढळतो.

इतिहास

फ्रान्समधील लुई-निकोला फ्लोबेर याने १८४५ साली टोपीतच गोळी बसवून घरातल्या घरात नेम धरण्यासाठी एक लहान काडतूस केले. त्यात वेगळी दारू नव्हती. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीने ही कल्पना वाढवून १८५७ मध्ये, म्हणजे मुंबई विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, ०.२२ शॉर्ट काडतुसाचे सात बारी ‘मॉडेल १’ बाजारात आणले. सॅम्युएल कोल्टच्या पेटंटची मुदत नुकतीच संपली होती. चक्राला आरपार भोके पाडण्याचे पेटंट रोलिन व्हाइट याच्याकडे होते व ते स्मिथ अँड वेसनने प्रत्येक नगामागे २५ सेंट देऊन वापरायला घेतले होते. त्यामुळे १८६९ पर्यंत मागून काडतूस भरण्याचे रिव्हॉल्व्हर अमेरिकेत दुसऱ्या कोणाला राजरोस बनवता येत नव्हते. पेटंटाची मुदत वाढवण्याचे व्हाइटचे प्रयत्न काँग्रेसमध्ये यशस्वी झाले, पण १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी ते विधेयक नाकारले.

मॉडेल १ची नळी वरच्या बिजागरीवर उचलली जाते. चक्र काढून हातात घ्यावे लागते आणि रिकाम्या पुंगळ्या नळीखालच्या दांडीवर दाबून बाहेर काढाव्या लागतात. आजच्या माणसाला हे कूर्मगती वाटेल. तथापि दारू, गोळी आणि टोपी वेगवेगळी भरण्याच्या त्या काळात ही मोठीच सोय होती. सुमारे २५ वर्षांत या मॉडेलचे अडीच लाखांच्या आसपास नग निघाले. ०.३२ रिमफायरचे सहा बारी ‘मॉडेल २’ अमेरिकी यादवी युद्धात अनेक सैनिकांनी स्वखर्चाने जवळ बाळगले. पेटंट संपल्यावर कोल्टसह अनेक कारखाने या व्यवसायात उतरले.

१८८७ मध्ये ०.२२ लाँग रायफल हे काडतूस आले. जगातील नेमबाजीचा मोठा भाग आजही त्यावर चालतो. ऑलिंपिकच्या २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात तर १८५७च्या वंशातील ०.२२ शॉर्ट काडतूस २००४ पर्यंत वापरले जात होते. महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासातही रिमफायरला स्थान आहे. तेजस्विनी सावंत यांचे २०१०चे म्युनिक येथील ५० मीटर प्रोन प्रकारातील विश्वविजेतेपद, राही सरनोबत यांचे २०१८च्या आशियाई स्पर्धेतील २५ मीटर पिस्तूल प्रकारातील सुवर्णपदक आणि स्वप्नील कुसाळे यांचे पॅरिस ऑलिंपिक २०२४ मधील कांस्यपदक ही तिन्ही यशे ०.२२ रिमफायर काडतुसावरच मिळाली. तिघेही कोल्हापूर जिल्ह्यातील आहेत.

भारतातील कायदा

१८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी लोकांवर परवान्याची सक्ती केली. युरोपीयांना मात्र सूट दिली. त्यामुळे एखाद्या मराठी कुटुंबात त्या काळचे रिव्हॉल्व्हर कायदेशीररीत्या असेल, तर त्याचा कधीकाळी परवाना असलाच पाहिजे. तो जीर्ण कागद शस्त्राइतकाच जपण्यासारखा आहे. किंबहुना वारसांच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा.

सध्या शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. ‘शंभर वर्षांपूर्वीचे आहे, म्हणजे परवाना नको’ ही समजूत सर्वत्र आढळते व तीच सर्वांत धोकादायक आहे. अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या, पुराणवस्तूचे मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे. मात्र असे शस्त्र दुरुस्त करून अथवा न करता, कोणत्याही प्रकारे अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे, अशी अट त्याच वाक्यात आहे. गंजलेले, स्प्रिंग तुटलेले रिव्हॉल्व्हर कुशल कारागिराच्या हाती पुन्हा चालू लागत असेल तर ही सूट मिळत नाही. काडतूस बाजारात मिळत नाही, या मुद्द्यानेही फरक पडत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने नियमांत बदल करून ‘क्युरिओ’ वर्गातील लहान शस्त्रे भारतीय नागरिकांना परवान्याशिवाय घेता व बाळगता येतील असे जाहीर केले. ती वापरणे, सोबत नेणे किंवा एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवणे यांसाठी परवाना लागतोच, आणि परवान्यावर नोंद नसेल तर त्यांची काडतुसे विकत मिळत नाहीत. आपले शस्त्र या वर्गात बसते असे मालकाने स्वतःच ठरवून मोकळे होणे शहाणपणाचे नाही. परवाना प्राधिकाऱ्याचे लेखी उत्तर हाती असावे. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान २ व कमाल ५ वर्षे कारावासाची तरतूद आहे. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडील अग्निशस्त्रांची मर्यादा ३ वरून २ वर आणली. वारशाने आलेले शस्त्रही या मर्यादेतच मोजले जाते. परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षे झाली.

परवानाधारक वारल्यास शस्त्र घरात ठेवून वारसांनी वाट पाहू नये. कलम २१ नुसार ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. जमा केले म्हणजे गमावले, ही भीती निराधार आहे. विहित मुदतीत परवाना मिळवून ते परत घेण्याचा किंवा पात्र व्यक्तीला विकण्याचा वारसांचा हक्क राहतो. ती मुदत टळल्यास मात्र शस्त्र सरकारजमा होऊ शकते. धारक हयात असतानाही, त्याचे वय ७० झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे त्याच्याकडे राहिल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, कायदेशीर वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. वृद्ध धारकांच्या कुटुंबांनी हा मार्ग वेळीच वापरणे सोयीचे ठरते. शस्त्राबरोबर सापडलेली जुनी काडतुसेही दारूगोळा म्हणूनच गणली जातात. ती वेगळी सांगून जमा करावीत.

मुंबई उपनगरांत परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त, बृहन्मुंबई हे आहेत. मुलुंडच्या पलीकडे ठाण्याचे पोलीस आयुक्तालय सुरू होते. म्हणजे मुलुंडहून ठाण्याला घर हलवले तर अंतर चार-पाच किलोमीटरच असले तरी प्राधिकारी बदलतो आणि पत्त्याचा बदल कळवावा लागतो. निवडणूक काळात शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघाल्यास ते जुन्या शस्त्रांच्या परवान्यांनाही लागू होऊ शकतात.

चालवणे आणि जतन

काळ्या दारूसाठी घडवलेल्या रिव्हॉल्व्हरात आजचे धूररहित दारूचे काडतूस घालू नये. चक्राची भोके आरपार सरळ असल्यास ०.२२ शॉर्टच्या घरात लाँग रायफल काडतूस शिरू शकते. ते शिरले म्हणजे चालते असा अर्थ नाही. त्या काळच्या लोखंडाला हा दाब पेलेल याची खात्री नसते. विसाव्या शतकात लाँग रायफलसाठीच बनलेली रिव्हॉल्व्हरे जाणकाराकडून तपासून घेऊन अधिकृत नेमबाजी केंद्रावर चालवता येतात. मुंबईत वरळी येथे महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे असे केंद्र आहे. ज्यांना इतके करायचे नाही त्यांना यंत्रणा समजून घेण्यातही आनंद आहे. मात्र रिकाम्या रिव्हॉल्व्हराचा चाप पुनःपुन्हा दाबणे टाळावे. कडेवर काडतूस नसल्यास घोड्याचे टोक थेट चक्रावर आदळते आणि घराच्या काठावर खाच पडते. मग काडतूस नीट बसत नाही.

मुंबईची दमट हवा हा मोठा शत्रू. वेसावे किंवा जुहूच्या बाजूला समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याची भर पडते. काळ्या दारूची नळीत उरलेली राख ओलावा ओढते आणि आतून गंज चढवते. घरोघरी हाताशी असणारे खोबरेल यासाठी निरुपयोगी आहे. ते थंडीत थिजते आणि कालांतराने चिकट होते. शिवणयंत्राला घालतात तसे पातळ खनिज तेल पुसट लावणे पुरेसे असते. निकेलचा मुलामा पितळ घासायच्या पॉलिशने उजळू नये. मुलामा पातळ होतो आणि संग्राहकांच्या लेखी किंमत घटते. कुलूपबंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या पावसाळ्यात वरचेवर बदलाव्यात. मूळ चामडी म्यान असल्यास ते जपावे, पण रिव्हॉल्व्हर त्यात ठेवू नये. कमावलेल्या चामड्यातील आम्ल आणि ओलावा यांमुळे धातूवर महिन्याभरात डाग धरू शकतात.