दोन पूर आणि मधलं कोरडं वर्ष

६ जुलै २०१८. नागपुरात पावसाळी अधिवेशन सुरू होतं. विधानभवनाच्या वीजघरात पाणी शिरलं आणि कामकाज बंद पडलं. त्याच दिवशी दक्षिण नागपुरात एका शाळेत अडकलेल्या मुलांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. पुढच्याच जुलैत नागपूरला पाणी पुरवणारं पेंच नदीवरचं तोतलाडोह धरण तळाला गेलं आणि शहराला दिवसाआड पाणी मिळू लागलं. पेंचच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराई धरण झालं, हे कारण खरंच. पण आदल्या वर्षी शाळांच्या आवारातून वाहून गेलेल्या पाण्याचा हिशेब कुणीच मागितला नाही. मग २३ सप्टेंबर २०२३: काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीकाठच्या घरांत पाणी.

शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे शाळेच्या हजार चौरस मीटरच्या स्लॅबवर एक लाख लिटर. ते आवारातच जमिनीत जिरवायचं, तर एखादी बोअर एवढं पाणी तासाभरात पोटात घेऊ शकत नाही. म्हणून मैदानाखाली आधी टाकी हवी. तिथे पाणी थांबेल, गाळ बसेल, मग गिट्टी-वाळूच्या थरांतून ते हळूहळू खाली जाईल. नुसता शोषखड्डा खणून आपल्याकडे भागत नाही. काळी माती भिजली की फुगते, पाणी वरच तुंबतं आणि डास होतात. खड्डा ती माती ओलांडून मुरमापर्यंत न्यावा लागतो. पश्चिम नागपुरात खाली बेसाल्ट, पूर्वेकडे वेगळेच खडक. त्यामुळे एका शाळेचा नकाशा दुसरीला चालेलच असं नाही. पर्यावरण संशोधन करणारी नीरी ही संस्था आणि केंद्रीय भूजल मंडळाचं कार्यालय, दोन्ही याच शहरात आहेत. विचारायला लांब जायला नको.

२०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार मोठ्या भूखंडांवरच्या बांधकामांना पाऊसपाणी साठवण बंधनकारक आहे. जुन्या शाळांच्या इमारती मात्र तिच्या कितीतरी आधीच्या. माझ्या मते महापालिकेनं सुरुवात तिथूनच करायला हवी.

आणखी एक गोष्ट विदर्भाचीच. उन्हामुळे आपल्या शाळा जूनअखेरीस उघडतात, पाऊस बरेचदा त्याआधीच येतो. स्लॅबवरची धूळ, कडुनिंबाचा पाला, कबुतरांची घाण घेऊन येणारं पहिलं पाणी बाहेर सोडायचं असतं. तेव्हा व्हॉल्व्ह फिरवायला शाळेत कुणी नसतं. ती घाण सरळ टाकीत उतरते आणि वाळूचा थर चोंदतो. स्लॅब झाडणं, जाळी धुणं, व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला वळवून ठेवणं, ही कामं उन्हाळी सुटी लागायच्या आधीच, एप्रिलमध्ये, उरकायला हवीत.