नोबुकाझू तेरानिशी आणि तुमचा जुना कॅमेरा

भोपाळचे एक वाचक विचारतात: ‘माझा निकॉन डी९० अजून ठणठणीत आहे. तो बारा मेगापिक्सेलचा, तर आता चोवीसचा घ्यावा का?’ शेवटी त्यांनी सहज म्हणून लिहिलंय की, फोटो ते मुख्यतः दोनच ठिकाणी काढतात. एक भीमबेटकाच्या शैलाश्रयांत आणि दुसरं बड्या तलावाच्या काठी. त्यांच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या दोन जागांमध्येच आहे.

मेगापिक्सेलचा हिशेब आधी उरकून टाकू. २००८ सालच्या डी९०चं चित्र ४२८८ पिक्सेल रुंद आणि चोवीसवाल्याचं ६०००. आकडा दुप्पट झाला तरी बारीक तपशील वाढतो जेमतेम १.४ पट. बारा मेगापिक्सेलमधून चौदा इंच रुंदीचा सुरेख प्रिंट निघतो. जाहिरातीत सर्वांत ठळक छापला जाणारा हा आकडा खरेदी ठरवताना सर्वांत कमी उपयोगाचा.

डिजिटल कॅमेऱ्यांनी खरी मजल मारली ती कमी उजेडात. त्यामागच्या एका माणसाचं नाव मात्र कुठल्याच माहितीपत्रकात दिसत नाही. ते म्हणजे जपानच्या एनईसी कंपनीतले नोबुकाझू तेरानिशी.

१९८०च्या सुमारास व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या सेन्सरना एक खोड होती. पिक्सेलमध्ये साठलेले इलेक्ट्रॉन वाचायला बाहेर काढले, तरी थोडे आतच राहायचे आणि पुढच्या चित्रात भुतासारखे उमटायचे. पिठाच्या गिरणीत ज्वारीवर गहू टाकले की काय होतं, हे घरोघरी ठाऊक आहे. आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ जात्यात अडकलेलं असतं आणि तुमच्या डब्यात पहिली येते ती ज्वारीच. तेरानिशींनी १९८० साली अशी रचना शोधली की प्रत्येक दळणानंतर जातं आपोआप लख्ख व्हावं. प्रकाश झेलणाऱ्या भागावर त्यांनी सिलिकॉनचाच एक पातळ, वेगळ्या भारवाहकांचा थर दिला. त्यामुळे खालचे इलेक्ट्रॉन झाडून सगळे बाहेर पडू लागले. शिवाय प्रकाश नसतानाही पृष्ठभागावर आपसूक जन्मणारे चुकार इलेक्ट्रॉन हाच थर दाबून टाकतो. एका थरात दोन दुखण्यांवर इलाज! मला तर ही इलेक्ट्रॉनिक्समधल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते. १९९५मध्ये अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आणि कोडॅकच्या संशोधकांनी ही रचना आजच्या कॅमेऱ्यांतल्या सीमॉस सेन्सरमध्ये आणली. आज खिशातल्या मोबाइलचा कॅमेराही तिच्यावरच चालतो.

२००९चं भौतिकीचं अर्धं नोबेल सीसीडी या चिपसाठी विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांना मिळालं. त्यांच्याच बेल लॅब्जमध्ये सीसीडीपासून प्रत्यक्ष चित्र घेणारा सेन्सर घडवणारे मायकल टॉम्पसेट बाहेरच राहिले. तेरानिशींचंही नाव नव्हतं. २०१७च्या क्वीन एलिझाबेथ अभियांत्रिकी पुरस्कारात स्मिथ आणि सीमॉस सेन्सर घडवणारे एरिक फॉसम यांच्याबरोबर या दोघांचा गौरव झाला, तेव्हा कुठे हे माप थोडं बरोबर झालं.

पण सेन्सर कितीही सुधारला तरी एक भिंत ओलांडता येत नाही. प्रकाश मुळातच फोटॉनच्या विस्कळीत सरींनी येतो. दहा हजार फोटॉन टिपले तर चढउतार शंभराचा, म्हणजे एक टक्का. शंभरच टिपले तर दहाचा, म्हणजे थेट दहा टक्के. फोटोतल्या काळोख्या भागात दिसणारा रवा बराचसा इथून येतो. आजचे चांगले सेन्सर हिरव्या प्रकाशातले निम्म्याहून अधिक फोटॉन पकडतात. म्हणजे उद्या एकही फोटॉन न सोडणारा सेन्सर आला, तरी तिथे दुपटीहून कमीच फायदा उरलाय. दर वर्षी ‘क्रांती’ची जाहिरात करणाऱ्यांना हे विचारायला हवं.

आता भीमबेटका. पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली जगापुढे आणलेली तिथली शैलचित्रं हजारो वर्षं जागची हललेली नाहीत. परवानगी काढून ट्रायपॉड लावा, आयएसओ २०० ठेवा आणि शटर दोन सेकंद उघडं राहू द्या. गेरूच्या रेषा डी९०ही नीट टिपेल. फक्त भर मे महिन्यात फार लांबलचक एक्स्पोजर टाळा. सेन्सर सहा-आठ अंशांनी तापला की ते चुकार इलेक्ट्रॉन साधारण दुप्पट होतात.

तलावाकाठी मात्र गोष्ट वेगळी. मावळतीला उडणाऱ्या सारसासाठी सेकंदाचा हजारावा भाग लागतो. आयएसओ ३२००ला त्याची राखाडी पिसं रवाळ होऊन एकमेकांत मिसळतात, आणि डी९०चे अकरा फोकस बिंदू त्याच्या लाल मानेमागे धावून थकतात. इथे नवी बॉडी खरोखर कामाची आहे. पण चोवीसचा हट्ट नको. २०१६चा डी५०० फक्त २०.९ मेगापिक्सेलचा, तरी त्यात १५३ फोकस बिंदू आहेत. सेकंडहँड मिळाला तरी चालेल. वाचलेले पैसे लेन्सला लावा. ३०० मिलिमीटरला एफ/५.६ऐवजी एफ/४ची लेन्स घेतली, की सेन्सरवर पडणारा प्रकाश सरळ दुप्पट होतो.

पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस धरणारे मिररलेस कॅमेरे याहून सरस आहेत, आणि निकॉन-कॅननचा सारा भर आता त्यांच्यावरच आहे. मात्र तुमच्याकडे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स असतील, तर निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर त्या ऑटोफोकस करणार नाहीत. डी५००वर करतील.