कारखान्यातला कॅमेरा संगणकाला जोडताना

बाटलीचे झाकण नीट बसले का, हे तपासणारा औद्योगिक कॅमेरा अनेकदा साध्या नेटवर्क केबलनेच संगणकाला जोडलेला असतो. त्यासाठीचे ‘गिग-ई व्हिजन’ हे मानक २००६ मध्ये आले.

• केबल : कॅट-५ई किंवा कॅट-६, लांबी १०० मीटरपर्यंत.

• वीज : कॅमेरा पीओई प्रकारचा असेल, तर वीजही त्याच केबलमधून मिळते. मात्र स्विच किंवा नेटवर्क कार्डही पीओईचेच हवे.

• पत्ता : कॅमेरा आणि संगणकाचे पोर्ट एकाच सबनेटमध्ये हवेत. ठरावीक पत्ता दिलेला नसेल आणि डीएचसीपीकडूनही मिळाला नाही, तर कॅमेरा स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो. संगणकाचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर कॅमेरा यादीत दिसूनही उघडत नाही.

• वेग : १ गिगाबिटच्या जोडणीतून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११५ मेगाबाइट जातात. ५ मेगापिक्सेलचे ८-बिट कृष्णधवल चित्र साधारण ५ मेगाबाइटचे, म्हणजे सेकंदाला जेमतेम २३ चित्रे.

• जम्बो फ्रेम : पॅकेटचा आकार १५०० बाइटवरून ९००० च्या आसपास नेला, की प्रोसेसरवरचा भार हलका होतो. कॅमेरा, स्विच आणि कार्ड या तिघांनाही तो आकार चालला पाहिजे.

• गळती : चित्रे यूडीपीने येतात, वाटेत हरवलेले पॅकेट कॅमेऱ्याकडून पुन्हा मागवता येते. तरीही चित्रात काळे पट्टे दिसले, तर आधी केबल, पॅकेटचा आकार आणि फायरवॉल तपासा.

• महत्त्वाचे : कॅमेऱ्यासाठी संगणकात स्वतंत्र नेटवर्क कार्ड ठेवा. ऑफिसच्या नेटवर्कवरच्या गर्दीत तपासणीचे चित्र अडकता कामा नये.