दीड राजाबाई टॉवरची गोधडी

पाच बाय सात फुटांची एक गोधडी घ्या. इंचाइंचावर धावदोऱ्याच्या ओळी. आता हिशेब मांडा: टाक्यांची वाट भरते 420 फूट, म्हणजे जवळपास 128 मीटर. मुंबईचा राजाबाई टॉवर 85 मीटरचा, म्हणजे त्याच्या दीडपट! इंचाला चार टाके धरले तर एकूण टाके वीस हजारांच्या वर जातात. आणि हे सगळं व्हायचं कधी, तर जेवणं-भांडी उरकल्यावरच्या ‘रिकाम्या’ वेळात.

कापडाचा हिशेबही झकास आहे. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर. एवढ्या कापडात आपल्या या गोधडीचे जवळजवळ तीन थर निघतात. वरखाली जरा बऱ्या लुगड्याचं पान, मधे धोतर, विटका सदरा, परकराचा घेर, जे हाताशी येईल ते.

ऊब मात्र कापडापेक्षा हवेची जास्त. थरांच्या मधे हवा अडकते आणि ती अंगाची उष्णता चटकन बाहेर जाऊ देत नाही. दोरा फार आवळला की थर चेपतात, हवा पळते आणि गोधडी दिसायला घट्ट पण ऊबेला कमी पडते. टाका बेताचाच ओढायचा, तो यासाठी.

जुनंच कापड का? काटकसर हे अर्धंच उत्तर. शंभरदा धुतलेल्या सुती कापडाची खळ गेलेली असते, त्याला आटायचं तेवढं ते आटलेलं असतं आणि सुई त्यातून सरसर जाते. कोरं कापड घातलंत तर पहिल्याच धुण्यात ते एकटंच आटतं आणि गोधडीला सुरकुत्या पडतात. नायलॉनच्या साडीबद्दल तर बोलायलाच नको. तिची गोधडी रात्रभर अंगावरून घसरते आणि घाम टिपत नाही ते वेगळंच.

आपल्याकडे टाका बहुधा कडेने सुरू होतो, चारी बाजूंनी फिरत आत सरकतो आणि मध्यावर येऊन थांबतो. अमेरिकेत हाताने क्विल्ट शिवणारे सहसा बरोबर उलट जातात: मधून सुरुवात, चुण्या बाहेर ढकलत कडेपर्यंत. आपली रीत अवघड, कारण चुणी पळून जायला जागाच नाही! म्हणून आधी थर जमिनीवर ताणून पसरायचे, हाताने सारखे करायचे आणि कच्च्या टाक्यांनी बांधून घ्यायचे.

बंगालच्या कांथ्यात, म्हणजे तिथल्या गोधडीत, तर दोराही विकत आणत नसत. जुन्या साडीच्या काठातले रंगीत धागे ओढून काढायचे आणि त्यांनीच शिवायचं. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजातल्या बायका आपल्या ‘कवंद’ या गोधडीच्या चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुलं’ लावतात. फुलं नाहीत, तर कवंद पुरी झालीच नाही. यांतल्या अनेकांचे पूर्वज गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामीतून निसटून जंगलात आले. त्यांच्या बोलीत आजही कोंकणी-मराठी मिसळलेली आहे.

सिसिलीत चौदाव्या शतकात शिवलेली एक रजई लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तिच्यावर ट्रिस्टन नावाच्या वीराची दंतकथा कापूस भरून उठावात शिवली आहे. पण माझं मत अलाबामातल्या जीज बेंडला. गुलामांच्या वंशातल्या तिथल्या बायकांनी शेतात झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून असे काही आकार जुळवले की 2002 साली त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतीवर गेल्या आणि 2006 मध्ये टपाल तिकिटांवर. एड्सने गेलेल्यांच्या आठवणीसाठी 1987 साली सुरू झालेल्या ‘एड्स मेमोरियल क्विल्ट’चा एकेक तुकडा तीन बाय सहा फुटांचा, म्हणजे थडग्याएवढा. असे सुमारे पन्नास हजार तुकडे जमले, वजन 54 टन.

आणि आपले गाडगेबाबा! अंगावर चिंध्या जोडलेलं वस्त्र, म्हणून लोक त्यांना गोधडेमहाराजही म्हणत.

हात शिवशिवत असतील तर एकदम पाच बाय सातच्या नादी लागू नका. घरात किंवा शेजारी बाळ येणार असेल तर तीन बाय तीनचं दुपटं घ्या. टाक्यांची वाट भरेल फक्त 33 मीटर. कापड सगळं सुती, दोरा सुती, बोटात अंगुस्तान. आणि आईची जुनी साडी कापायच्या आधी तिला विचारा.