दोन अंकांचा घोळ आणि धाराशिव जिल्हा

31 डिसेंबर 1999 ला रात्री बाराच्या ठोक्याला संगणक गोंधळतील, बँकांची खाती विस्कटतील, वीज जाईल, विमाने उतरवावी लागतील, अशी हवा वर्षभर होती. त्या घोळाला सगळे जण ‘वायटूके’ म्हणत. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याला त्याची झळ किती बसू शकत होती, याचा हिशेब आता निवांतपणे मांडता येतो. तो मांडताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. संगणक किती चांगले आहेत एवढ्यावर तयारी ठरत नाही. ते बंद पडले तर काम कोण, कशावर आणि किती दिवस चालवणार, हेही पाहावे लागते.

घोळ नेमका काय होता

साठ-सत्तरच्या दशकात संगणकाची मेमरी फार महाग होती. माहिती 80 रकान्यांच्या पंचकार्डांवर भरली जाई. वर्षाचे चार अंक न लिहिता शेवटचे दोनच लिहिले की प्रत्येक तारखेमागे दोन रकाने वाचत. हे करणारे लोक मूर्ख नव्हते. आपला प्रोग्राम आणखी तीस वर्षे चालवला जाईल, असे त्यांना वाटले नव्हते, इतकेच.

बँकेतले साधे उदाहरण घेऊ. 1 मार्च 1998 रोजी कोणी 10,000 रुपये तीन वर्षांच्या मुदत ठेवीत ठेवले. हाताने पावती लिहिणारा कारकून परतीची तारीख 1-3-2001 लिहून मोकळा होतो. दोन अंकी वर्षावर चालणाऱ्या प्रोग्रामजवळ मात्र ‘98’ आणि ‘01’ एवढेच असते. 01 मधून 98 वजा केले की उत्तर येते उणे 97. मग प्रोग्राम नोंद नाकारतो, किंवा ठेवीची मुदत 1901 सालीच संपली असे धरतो, किंवा व्याज उलटे लावतो. कोणता प्रोग्राम यातले काय करील, हे आतला कोड वाचल्याशिवाय सांगता येत नसे. शिवाय अशी चूक मध्यरात्रीची वाट पाहत नसे. 2000 नंतरची तारीख ज्या दिवशी भरली, त्या दिवशीच ती उद्भवे.

दुसरी अडचण लीप वर्षाची. 100 ने भाग जाणारे वर्ष लीप नसते, पण 400 ने भाग गेला तर असते. त्यामुळे 1900 लीप नव्हते आणि 2000 होते. ज्या यंत्राने 00 म्हणजे 1900 धरले, त्याच्या लेखी 29 फेब्रुवारी हा दिवसच नव्हता.

तयारी मोजायची कशी

पहिले काम यादीचे. आपल्याकडे तारीख वापरणारे काय काय आहे? संगणक तर आहेतच, पण टेलिफोन एक्स्चेंज, रुग्णालयातली उपकरणे आणि कारखान्यातली नियंत्रणेही आली. मग त्यातले कोणते बंद पडले तर जिवावर बेतेल, कोणते बंद पडले तर पैसा अडकेल आणि कोणते महिनाभर नसले तरी चालेल, अशी वर्गवारी. त्यानंतर दुरुस्ती. ती दोन प्रकारे होत असे. एकात सगळीकडे वर्षाचे चार अंक करायचे. हे पक्के, पण महाग आणि वेळखाऊ काम. दुसऱ्यात प्रोग्रामला नियम घालून द्यायचा, की 00 ते 49 आले तर 2000 नंतरचे समज आणि 50 ते 99 आले तर 1900 नंतरचे. हा उपाय स्वस्त असल्याने पुष्कळ ठिकाणी तोच झाला. त्याने दुखणे बरे होत नाही, पुढे ढकलले जाते.

चाचणी मात्र कोणालाही करता येण्यासारखी होती. संगणकाचे घड्याळ 31-12-1999, रात्री 11.58 वर लावायचे, यंत्र बंद करायचे, पाच मिनिटांनी सुरू करायचे आणि तारीख पाहायची. काही जुन्या यंत्रांवर 1 जानेवारी 2000 ऐवजी 4 जानेवारी 1980 ही तारीख उमटे. त्यानंतर 28 फेब्रुवारी 2000 लावून पुढचा दिवस 29 येतो का, तेही पाहायचे. आधी बॅकअप घ्यायचा आणि रोजच्या कामाच्या यंत्रावर हा खेळ करायचा नाही, एवढे पथ्य. विक्रेत्याने डकवलेल्या ‘वायटूके-सज्ज’ या स्टिकरपेक्षा या पाच मिनिटांची किंमत जास्त होती.

शेवटचे काम पर्यायी योजनेचे. यंत्र बसले तर काय करायचे हे आधीच लिहून ठेवायचे. बहुतेक ठिकाणी हेच काम सर्वांत आळसाने होते, अजूनही.

दिल्लीतून आणि बाहेरून दिसणारा भारत

केंद्र सरकारने 1998 मध्ये नियोजन आयोगाचे सदस्य माँटेकसिंग अहलुवालिया यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले. वीज, दूरसंचार, बँका, विमान वाहतूक, रेल्वे अशा कळीच्या क्षेत्रांवर नजर ठेवणे हे त्याचे काम. ऑक्टोबर 1999 मध्ये माहिती तंत्रज्ञानाचे स्वतंत्र मंत्रालय झाले आणि ते अंबाजोगाईत वाढलेल्या प्रमोद महाजनांकडे आले.

बाहेरचे मूल्यमापन कडक होते. सल्लागार कंपन्या देशांना जोखमीप्रमाणे गटांत बसवत होत्या. विकसनशील देश आणि रशिया खालच्या गटांत असत. अमेरिकेने तर रशिया, युक्रेन, बेलारूस आणि मोल्दोव्हा इथल्या वकिलातींतल्या अत्यावश्यक नसलेल्या कर्मचाऱ्यांना मायदेशी परतण्याची मुभा दिली होती. इटलीलाही उशिरा जागा झालेला देश म्हणून बोल लावले गेले. या मोजपट्टीत खर्च आणि कागदोपत्री योजना यांना फार वजन होते. संगणकावर मुळात किती गोष्टी अवलंबून आहेत, याला त्या मानाने कमी. त्यामुळे ज्या देशाने कमी संगणक वापरले, तोच जास्त धोक्यात दिसू लागला.

1999 चा जिल्हा

हीच मोजपट्टी उस्मानाबादला लावून पाहू.

रेल्वेपासून सुरुवात केली तर हिशेब लगेच संपतो. शहरात रेल्वे नव्हतीच. मिरज-कुर्डूवाडी-लातूर ही जुन्या बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज गाडी जिल्ह्यातून येडशीमार्गे जाई. ब्रॉडगेज झाल्यावर मार्ग वळवला तेव्हा कुठे शहराला स्टेशन मिळाले. एसटीत कंडक्टर पेटीतली छापील तिकिटे पंच करून देत होते. तलाठ्याचा सातबारा हाताने लिहिला जाई, शिक्षकांची पगारपत्रकेही कागदावर. जिल्हाधिकारी कार्यालयात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा कक्ष आणि उपग्रहाने दिल्लीशी जोडणारे निकनेट होते. पण ते बंद पडले म्हणून कोणाचा फेरफार अडला नसता.

विजेचा प्रश्न वेगळा. राज्य विद्युत मंडळाच्या उपकेंद्रांत तारीख न बघणाऱ्या रिलेंवर पुष्कळ काम चालत असले, तरी जिल्हा पश्चिम ग्रिडला जोडलेला होता. दूर कुठे गडबड झाली तर अंधार इथेही झाला असता. दुसऱ्याच्या तयारीवर आपण किती अवलंबून आहोत, हा प्रश्न यादीत सहसा नसतो आणि तो नसला की मूल्यमापन लंगडे पडते. अर्थात रात्री-अपरात्री लाइट जाण्याची सवय गावागावांत इतकी होती, की एक रात्र गेली असती तर तिचा संबंध नव्या सहस्रकाशी कोणी लावला असता का, शंकाच आहे.

साखर कारखान्यांसाठी मुहूर्त वाईट होता. डिसेंबरअखेर म्हणजे गाळप हंगाम ऐन भरात. ढोकीच्या तेरणा कारखान्यासारख्या ठिकाणी उसाच्या गाड्या रात्रंदिवस काट्यावर येत असत. काट्याच्या पावतीवर तारीख चुकली तर वजन बदलत नाही. पण तोडणीचा क्रम लागण तारखेवर ठरतो आणि ऊसबिलाचा हिशेब पंधरवड्यावर. हे काम जिथे संगणकावर गेले होते, तिथे शेतावर उसाची नोंद ठेवणाऱ्या चिटबॉयची वही शाबूत ठेवणे हीच खरी पर्यायी योजना. ऊस तुटल्यावर थांबत नाही, साखरेचा उतारा घटत जातो.

राहिल्या बँका. बँकांच्या संगणकीकरणावरच्या रंगराजन समित्यांच्या 1984 आणि 1989 च्या अहवालांनंतर सरकारी बँकांच्या शाखांत संगणक येऊ लागले होते. जिल्ह्यात स्टेट बँक ऑफ हैदराबाद, मराठवाडा ग्रामीण बँक, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि नागरी बँका अशी सगळी उतरंड होती. पण शाखा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. एका शाखेचे यंत्र बिघडले तरी ते दुखणे तिच्या चार भिंतींत राहिले असते आणि शेजारी खतावणी होतीच. याच जिल्हा बँकेवर संकट आले ते 2002 मध्ये. होम ट्रेड या दलाल कंपनीमार्फत सरकारी रोखे घेण्यासाठी दिलेले कोट्यवधी रुपये अडकले. तिथे तारीख बरोबर होती, संगणकही बरोबर होते. पैसे गेले आणि रोखे हातात आलेच नाहीत. कोणत्याही वायटूके तपासणीत हे सापडले नसते.

आणखी एक जमेची बाजू होती. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारीबरोबर याच जिल्ह्यातले सास्तूर आणि परिसर उद्ध्वस्त झाला. त्यानंतर जिल्ह्यांचे आपत्ती व्यवस्थापन आराखडे आणि नियंत्रण कक्ष तयार झाले. फोन बंद असताना निरोप कसा पोचवायचा, याचा या प्रशासनाने घेतलेला धडा कोणत्याही प्रशिक्षण वर्गापेक्षा खडतर होता.

पुण्याचा रस्ता

जिल्ह्याला वायटूकेचा खरा स्पर्श झाला तो माणसांमुळे. ऐंशीच्या दशकात तुळजापूर आणि उस्मानाबादला अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली होती. तिथून शिकून बाहेर पडणाऱ्यांना वाट होती पुण्या-मुंबईची. तिथे पटनी, सिंटेलसारख्या कंपन्यांना अमेरिकी बँका आणि विमा कंपन्यांचे जुने कोबोल प्रोग्राम ओळीन् ओळ तपासणारी माणसे हवी होती. अमेरिकेने 1999 आणि 2000 साठी एच-1बी व्हिसाची वार्षिक मर्यादा 65,000 वरून 1,15,000 केली. जुने प्रोग्राम तपासण्याचे काम कंटाळवाणे होते, पण त्यातून मिळालेली ओळख पुढे कामी आली.

त्या रात्री

न्यूझीलंडमध्ये नवे वर्ष लागले तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेचार वाजले होते. तिथले दिवे चालू राहिले, मग ऑस्ट्रेलियाचे, मग जपानचे. आपल्याकडे मध्यरात्र होईपर्यंत निम्मी उत्सुकता ओसरली होती. देशाचे लक्षही दुसरीकडे होते. अपहरण करून कंदाहारला नेलेल्या आयसी-814 विमानातले प्रवासी त्याच दिवशी सुटले.

काहीच झाले नाही, असे मात्र नाही. जपानमध्ये शिका अणुवीज केंद्राच्या किरणोत्सर्ग मोजणीच्या यंत्रणेत बिघाड झाला. अमेरिकेच्या टेहळणी उपग्रहांची माहिती काही दिवस नीट मिळेना. सर्वांत वाईट प्रकार इंग्लंडमधल्या शेफील्डचा. तिथल्या प्रयोगशाळेच्या संगणकाने गर्भवतींची वये चुकीची धरली आणि दीडशेहून अधिक स्त्रियांना डाउन सिंड्रोमच्या धोक्याचे चुकीचे निकाल गेले. चूक उघडकीला आली ती मे महिन्यात. यंत्र बंद पडले असते तर पहिल्याच दिवशी कळले असते. ते चालू राहिले, म्हणून घात झाला.

‘उगाच बाऊ केला’ असे नंतर पुष्कळांनी म्हटले. दुरुस्ती करणाऱ्यांना ते झोंबले आणि ते रास्तच होते, कारण टळलेल्या बिघाडाचे बिल दाखवता येत नाही. पण इटलीसारखा उशिरा जागा झालेला देशही फारशी इजा न होता सुटला, हेही खरे. माझ्या मते बँका आणि विमा कंपन्यांत दुरुस्ती अटळ होती. बाकी ठिकाणी सल्लागारांनी बरेच हात धुऊन घेतले.

आजची यादी

आज तीच तपासणी केली तर उत्तर उलटे येते. सातबारा ऑनलाइन, शिक्षकांचे पगार ‘शालार्थ’मधून, रेशन पॉस मशिनवर. 2020 च्या खरिपात याच जिल्ह्यात पीक विम्याचा वाद पेटला तो 72 तासांत नुकसान कळवण्याच्या अटीवरून. रान पाण्याखाली असताना शेतकऱ्याने पूर्वसूचना कुठून द्यायची? मे 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला.

शाखा एकेकट्या राहिलेल्या नाहीत, हा दुसरा फरक. जुलै 2024 च्या अखेरीस सी-एज या सेवा पुरवणाऱ्या एकाच कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि देशभरातल्या सुमारे 300 लहान बँकांचे, त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँकाही आल्या, यूपीआयसारखे व्यवहार थांबवावे लागले.

जिल्ह्याने अलीकडे एक छोटी मध्यरात्रही पाहिली. उस्मानाबाद स्टेशनचे नाव धाराशिव झाले आणि यूएमडी हा कोड बदलून डीआरएसव्ही करायचा होता. त्यासाठी मुंबईची आरक्षण यंत्रणा 31 मे 2025 ला रात्री 11.45 पासून 1.30 पर्यंत बंद ठेवली गेली. काम नीट आखले की एवढ्यात होते.

पुढची तारीखही ठरलेली आहे. अनेक जुन्या यंत्रणा 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद 32 बिटांत मोजतात. ती मोजणी भारतीय वेळेनुसार 19 जानेवारी 2038 ला सकाळी 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंदांनी भरेल आणि पुढच्या सेकंदाला घड्याळ 1901 मध्ये जाईल. नवी 64 बिटांची यंत्रे सुटतील. पंपांची नियंत्रणे, मीटर, हजेरीची यंत्रे अशा ठिकाणी बसवून विसरलेल्या चिपांचे सांगता येत नाही. आज वीस वर्षांच्या मुदतीने दिलेल्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता त्या तारखेच्या पलीकडे पडतो. म्हणजे पतसंस्थेच्या चिटणिसाला हे तपासायला 2038 ची वाट पाहायची गरज नाही. चाचणीच्या यंत्रावर 2045 पर्यंतचे एक कर्ज टाकावे, हप्त्यांचा तक्ता छापून घ्यावा आणि तारखा वाचाव्यात. सॉफ्टवेअरवाल्याला दोनच प्रश्न विचारावेत: तारीख किती बिटांत साठवता? आणि तुमचा सर्व्हर तीन दिवस बंद राहिला, तर खातेदारांच्या शिल्लक रकमांची यादी आमच्याकडे कशावर असेल?