नदीपलीकडचे देव

१५५९ साली पोर्तुगालचा बालराजा सेबास्तियांव याच्या नावाने गोव्यात एक कायदा आला. आईबाप आणि आजीआजोबा नसलेली हिंदू मुले ताब्यात घ्यायची, जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात नेऊन ख्रिस्ती म्हणून वाढवायची. पुढे तर बाप वारला की आई हयात असूनही मूल नेले जाऊ लागले. तिसवाडीतली देवळे १५४० च्या सुमारास पडली होती आणि त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळले होते. देऊळ गेले तर देव्हाऱ्यात पूजा करता येते. मूलच नेले, तर तिथे दिवा कोण लावणार? माणसे गाव सोडू लागली ती अशा कायद्यांच्या धाकाने.

जायचे कुठे? जुवारी नदी ओलांडली की अंत्रूज महाल, म्हणजे आजचा फोंडा. तिथे तेव्हा आदिलशाही अंमल होता. म्हणून कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. परंपरा सांगते की मूर्ती रात्री होड्यांतून नेल्या. शेते, माड, पिढ्यांचे गावकरीचे हक्क मागे राहिले. देव राखला त्याची ही किंमत होती, आणि ती भरणाऱ्यांची नावे कुठल्याही शिलालेखावर नाहीत. मुंबईत किंवा कारवारात राहणारी कुळावी घरे आजही लग्नानंतर नव्या जोडप्याला घेऊन फोंड्याला जातात, ती या लोकांमुळे.

सप्तकोटीश्वराची कथा वेगळी. हा कदंब राजांचा देव, दिवाडी बेटावरचा. देऊळ पडल्यावर त्याचे धारालिंग विहिरीच्या बांधकामात लावले गेले, असे सांगतात. तिथून ते सोडवून नदीपार डिचोलीकडच्या नार्व्याला नेले. शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. शके १५९० चा, म्हणजे नोव्हेंबर १६६८ चा, शिलालेख त्या देवळाच्या दारावर आहे.

सगळेच नदीपार गेले नाहीत. साष्टीतल्या कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी कर नाकारला, पाडलेली देवळे पुन्हा उभी केली. १५ जुलै १५८३ रोजी चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच जेझुइटांना त्यांनी ठार केले. नि:शस्त्र पाद्र्यांच्या या हत्येचा गौरव मी करणार नाही. पण सत्तेने नंतर केले ते त्याहून काळे होते. बोलणी करू म्हणून सोळा गावकऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि चौकशी न करता मारले. त्यांच्यातला एकच जण नदीत उडी टाकून वाचला, असे सांगतात. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली.

जे मागे राहिले आणि ख्रिस्ती झाले, त्यांना निष्ठा सोडलेले म्हणणे मला अन्यायाचे वाटते. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६० ला आले आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत राहिले. त्याच्या १७३६ च्या हुकुमात अंगणातल्या तुळशीवर आणि पुरुषांच्या धोतरावरही बंदी आहे. बाप्तिस्म्याला पावणेदोनशे वर्षे उलटल्यावरही तुळस उपटायला हुकूम काढावा लागला, याचा अर्थ ती तोवर अंगणात होती. अ. का. प्रियोळकरांनी या हुकुमांचा अभ्यास मांडला आहे. तो वाचताना मनाई केलेल्या गोष्टींच्या यादीतूनच त्या काळचे घर दिसू लागते.

फोंडा १७६३ मध्ये पोर्तुगिजांकडे आला, तेव्हा तिथल्या रहिवाशांना त्यांच्या धर्माची आणि रिवाजांची हमी द्यावी लागली. दोनशे वर्षांपूर्वी देशोधडीला लागलेले देव पुन्हा त्याच राजसत्तेच्या हद्दीत आले, पण या वेळी त्यांना हात लागला नाही.

कुंकळ्ळीत फाल्गुनात सत्र्यांचा उत्सव होतो. गावातल्या बारा वांगडांच्या, म्हणजे मूळ कुळांच्या, बारा छत्र्या गुलालाच्या धुरळ्यात नाचवत, देवीला फातर्प्याहून तिच्या मूळ जागी आणतात. बारांपैकी काही वांगडांचे लोक आज ख्रिस्ती आहेत. तेही या उत्सवात असतात, कारण वांगड त्यांचाही आहे.