पाच चमचे डिझेल

२०१७ साली नवी डिझायर बाजारात आली तेव्हा तिच्या डिझेल मॉडेलचा प्रमाणित आकडा होता लिटरला २८.४० किलोमीटर. दोन वर्षं आधी आलेल्या दोन सिलिंडरच्या डिझेल सेलेरिओचा होता २७.६२. आज या गाड्यांच्या मालकांना ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ असं विचारलं, तर कुणी अठरा सांगतो, कुणी बावीस. आणि शेजारी उभा असलेला तिसरा चोवीस सांगून दोघांनाही गप्प करतो. गाडी तीच, इंजिन तेच, डिझेलही बहुधा एकाच पंपावरचं. मग हे चार-सहा किलोमीटर जातात कुठे?

आधी प्रमाणित आकड्याचं. पुणेकर ज्या टेकडीवर सकाळी फिरायला जातात, त्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था १९६६ पासून उभी आहे. अशा संस्थेत गाडीची चाकं रोलरवर ठेवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाबरहुकूम ती जागच्या जागी ‘पळवतात’. हे वेळापत्रक जेमतेम वीस मिनिटांचं. त्यात सुमारे साडेदहा किलोमीटर अंतर कापलं जातं, वेग ९० च्या वर जात नाही, सरासरी ३२-३३ च्या आसपास राहते. एसी बंद. खड्डा नाही, चढ नाही, मधूनच उलट्या दिशेने येणारा दुचाकीस्वार नाही. हा आकडा खोटा नसतो, पण तो आहे दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी. तो सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता मिळेल अशी अपेक्षा धरणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

छोट्या डिझेल गाडीशी महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. डिसेंबर १९९८ मध्ये आलेली इंडिका पिंपरीत बनत होती, आणि तिच्या १.४ लिटर डिझेल इंजिनाने हजारो टॅक्सीवाल्यांचं घर चालवलं. पुढे फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट आलं. रांजणगावात आणि मानेसरमध्ये तयार होणारं हे एकच इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुंटो, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांच्या बॉनेटखाली जाऊन बसलं. वाहनांवर लिहिणारे त्याला थट्टेने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागले. पेट्रोल आणि डिझेलच्या भावातली तफावतही मोठी होती. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४१ च्या आतच होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि ही दरी बुजत गेली. एप्रिल २०२० मध्ये धुराचे बीएस-६ निकष लागू होताच मारुतीने डिझेलला रामराम ठोकला, इतर कंपन्याही एकेक करून मागे हटल्या. छोट्या हॅचबॅकमध्ये डिझेल टिकवून धरलं ते पुण्यातच बनणाऱ्या अल्ट्रोझने. तरी २०१० ते २०२० या काळात विकलेल्या छोट्या डिझेल गाड्या राज्यात अजून भरपूर धावताहेत. दिल्लीत आली तशी डिझेल गाड्यांसाठीची दहा वर्षांची अट इथे नाही. त्यामुळे हा विषय शिळा झालेला नाही.

डिझेल इंजिन मुळातच काटकसरी. त्यात ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की ती तापूनच डिझेल पेट घेतं, आणि जास्त दाबामुळे त्याच इंधनातून जास्त काम निघतं. पेट्रोल इंजिनात ताकद कमी करायची तर हवेची वाट झडपेने अडवावी लागते, आणि त्या अडलेल्या वाटेतून हवा ओढण्यातच इंजिनाची शक्ती जाते. डिझेल इंजिनाला हा भुर्दंड जवळपास नसतो. फवारा कमी केला की झालं. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त ऊर्जा असते. एवढी जमेची बाजू असताना चालकाने उधळपट्टी करायची म्हटली, तर ती एकाच ठिकाणी सर्वात जास्त होते. ब्रेकवर.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. माणसं धरून अकराशे किलोची गाडी ताशी ८० वर आणायला लागणारी गतिज ऊर्जा येते सुमारे २७० किलोज्यूल. एक लिटर डिझेलमध्ये ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि इंजिन त्यातली तीसेक टक्केच चाकांपर्यंत पोचवतं. म्हणजे थांबलेली गाडी एकदा ८० वर नेण्याची किंमत साधारण २५ मिलिलिटर. घरातल्या चहाच्या चमच्याने मोजले तर पाच चमचे. समोर टोलनाका दिसत असताना शेवटपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरायचा आणि पन्नास मीटरवर करकचून ब्रेक मारायचा, की हे पाचही चमचे ब्रेकच्या डिस्क तापवण्यात गेले. असं चाळीस वेळा केलं की एक लिटर संपला. शहरात ४० च्या वेगावरून थांबलं तर एका वेळी सव्वा चमचा जातो. पण शहरात थांबायचं किती वेळा, हे मोजायलाही नको.

यावरचा उपाय फुकट आहे आणि म्हणूनच कदाचित कुणी करत नाही. दूरचा सिग्नल लाल दिसला, गतिरोधकाचा पट्टा दिसला, की पाय लवकर उचलायचा आणि गाडी गिअरमध्येच राहू द्यायची. कॉमन रेल इंजिनाचा संगणक अशा वेळी ओळखतो की चाकंच इंजिनाला फिरवताहेत, आणि डिझेलचा फवारा पूर्ण बंद करतो. तेवढं अंतर गाडी अक्षरशः शून्य डिझेलवर जाते. एसटीच्या आगारांत कोणत्या चालकाने किती डिझेलमध्ये किती किलोमीटर काढले, याचा हिशेब ठेवतात. मुरलेल्या एसटी चालकाच्या मागच्या बाकावर बसून पाहावं: थांबा यायच्या कितीतरी आधी त्याचा पाय उचललेला असतो.

इथे एका जुन्या समजुतीची वासलात लावायला हवी. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करणारे, काही बहाद्दर तर इंजिनच बंद करणारे, आजही भेटतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला थोडं का होईना डिझेल पितं; गिअरमध्ये पाय उचललेला असेल तर तेवढंही नाही. म्हणजे बचतीच्या नावाखाली हे लोक जास्त जाळतात. इंजिन बंद केलं तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, पेडल दगडासारखं होतं आणि स्टिअरिंग जड. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची गाठावी लागते. भरलेल्या छोट्या गाडीचं अर्धा लिटरहून जास्त डिझेल नुसतं त्या उंचीपायी जातं. उतरताना त्यातलं काही वसूल करायचं तर वाट एकच: ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. हा जुन्या ट्रकवाल्यांचा नियम सुरक्षिततेसाठी होता, अ‍ॅव्हरेजसाठीही तोच बरोबर ठरतो.

वेगाचं गणित मात्र निर्दय आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० वर गेलं की तो ५६ टक्क्यांनी वाढतो, १२० वर गेलं की सव्वादोन पट होतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर घाट सोडून सपाटीचे ७५ किलोमीटर धरले, तर १०० च्या वेगाने ते ४५ मिनिटांत कापले जातात आणि ८० ने ५६ मिनिटांत. फरक अकरा मिनिटांचा. पुढे चांदणी चौकात त्याहून जास्त वेळ सहज जातो. अर्थात ८० ने जाणाऱ्याने डावी लेन धरावी. काटकसरीपायी उजव्या लेनमध्ये ठिय्या देऊन बसणाऱ्याचं कौतुक कुणी करणार नाही. आणि वर रिकामा कॅरिअर असेल तर तो काढून ठेवावा. गणपतीला गावी जाताना बसवलेला कॅरिअर पुढच्या गणपतीपर्यंत वारा अडवत फिरत असतो.

गिअरबाबत छोट्या टर्बो डिझेलचा स्वभाव ओळखावा लागतो. स्विफ्टमधल्या ७५ अश्वशक्तीच्या मल्टिजेटचं १९० न्यूटन-मीटर टॉर्क मिनिटाला २००० फेऱ्यांना मिळतं. त्याखाली, विशेषतः १५०० च्या आत, टर्बो झोपलेला असतो. म्हणून ‘जितका वरचा गिअर तितकं चांगलं’ हे अर्धंच खरं. चौथ्यात गाडी धडधडायला लागली, पाय दाबूनही पिकअप येईना, तर डिझेल वाया जातंय आणि क्लच-गिअरबॉक्सलाही त्रास होतोय. २००० च्या आसपास गिअर बदलत जाणं या इंजिनांना मानवतं. तीन-साडेतीन हजारांपर्यंत रेस करून मिळतो तो आवाजच जास्त.

सकाळी गाडी सुरू करून पाच मिनिटं उभी ठेवायची आणि मग निघायचं, ही इंडिकाच्या जमान्यातली सवय. आजच्या डिझेल इंजिनातून उष्णता इतकी कमी वाया जाते की उभ्या उभ्या ते तापतच नाही. अर्धा-एक मिनिट थांबून निघावं आणि पहिले दोन-तीन किलोमीटर पाय हलका ठेवावा.

टायरमधल्या हवेबद्दल सगळे सांगतात आणि सगळे विसरतात. चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर आकडा छापलेला असतो, तो थंड टायरचा. चौघे आणि सामान असेल तेव्हाचा आकडा वेगळा असतो, तोही तिथेच दिलेला असतो. पावसाळ्यानंतर आणखी एक गोष्ट पाहावी: ब्रेकचा कॅलिपर गंजून अडकतो आणि चाक सतत किंचित धरलेलं राहतं. ब्रेक फारसा न वापरता दहा किलोमीटर चालवून थांबल्यावर एखादं चाक इतरांपेक्षा जास्त तापलेलं लागलं, तर गॅरेज गाठावं. धुळीच्या, उसाच्या ट्रॅक्टरांच्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांनी एअर फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीआधी बदलावा. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं आणि मागून काळा धूर निघतो.

अ‍ॅव्हरेज वाढवणारे लोहचुंबक, जादूच्या गोळ्या, बाटल्यांतली रसायनं यांना मात्र हात लावू नये. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधनं तपासली, आणि ठोस फरक पाडणारं जवळपास काहीच सापडलं नाही. रॉकेल मिसळणं तर त्याहून वाईट. डिझेल हेच इंधनपंपाचं वंगणही असतं, आणि कॉमन रेलचा पंप बदलण्याच्या खर्चात कित्येक टाक्या भरतील.

पायाच्या जोरावर कुठवर मजल जाते, याचं एक टोकाचं उदाहरण आहे. २०१५ मध्ये वेन गर्डेस आणि बॉब विंगर या अमेरिकन जोडीने फोक्सवॅगन गोल्फ डिझेल तिथल्या सलग ४८ राज्यांतून चालवली. १३ हजार किलोमीटरहून जास्त प्रवासात सरासरी मिळाली लिटरला सुमारे साडेचौतीस. दोनच महिन्यांत त्या कंपनीची धूर-चाचणीतली लबाडी जगापुढे आली. विक्रमी गाडीही त्याच डिझेल ताफ्यातली होती, हा काव्यात्म न्याय म्हणायचा की अन्याय, ते वाचकाने ठरवावं.

बीएस-६ डिझेल गाडीवाल्यांसाठी मात्र सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. तिच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी जादा डिझेल जाळून तो सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी बराच वेळ सलग, बऱ्यापैकी वेगाने चालणं लागतं. रोज शाळा, भाजी, बँक असे दोन-दोन किलोमीटरचे फेरे असतील, तर ही सफाई अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते. अ‍ॅव्हरेज घसरतं आणि शेवटी डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो. आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटं मोकळ्या रस्त्यावर ६०-७० ने चालवणं हा त्यावरचा उतारा. फक्त शहरातच फिरणाऱ्याने मात्र नवी डिझेल गाडी घेऊच नये, हे स्पष्ट सांगायला हवं. तिथे पेट्रोल किंवा सीएनजी परवडतं.

आणि हे सगळं करून फरक पडतो का, हे डॅशबोर्डवरच्या आकड्यावरून ठरवू नये. तो बहुधा उदार असतो. टाकी नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावं, पुन्हा त्याच पंपावर तशीच भरावी आणि कापलेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागावं. एका टाकीवर विसंबू नये. चार-पाच टाक्यांची सरासरी खरी. समजा महिन्याला दीड हजार किलोमीटर होतात आणि आकडा अठरावरून एकवीसवर गेला, तर जवळपास बारा लिटर वाचतात. डिझेल नव्वद रुपये धरलं तरी महिन्याला हजारावर रुपये होतात.